घोडा लंगडला तर आधी खूर पाहा

मांजराकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात चिखल, तर बिदरच्या पठारावर जांभ्याचे खडे. घोड्याच्या खुराला दोन्ही सोसावे लागतात. आमची घोडी भाद्रपदात लंगडू लागली, तेव्हा खांदा भरला असे समजून आम्ही तीन दिवस तेल चोळले. शेजारी तर डाग द्यायला निघाले होते! चौथ्या दिवशी नालबंदाने खूर खरवडला, तेव्हा तळव्याच्या कडेला शिरलेला खडा व काळा पू निघाला. तीन दिवस मुके जनावर उगाच कळा सोसत राहिले.

घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालवून पाहावा. पुढचा दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो. मग हाताने चाचपावे. खूर गरम लागला व वरच्या सांध्यामागची नाडी जोरात उडत असली, तर दुखणे बहुधा खुरातच असते. खिळा रुतला असेल तर उपटू नये. तो किती खोल गेला हे डॉक्टरांना पाहू द्यावे व धनुर्वाताची लस विचारावी. घोड्याला धनुर्वात लवकर होतो.

ज्वारीचे पोते फोडून खाल्ल्यावर घोडा पुढचे पाय ताणून मागे रेलून उभा राहिला, तर त्याला चालवू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बिदरला नंदीनगरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे.

एरवी रोज खूर साफ करावे आणि सुमारे सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासून घ्यावे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेताना लोक दात पाहतात. आम्ही आता चारही पाय उचलून दाखवायला सांगतो.