सावळजचा गट आणि 13 वर्षांची वाट

विधानसभेची निवडणूक पक्षाची असते, लोकसभेची देशाची. पण जिल्हा परिषदेची निवडणूक घरातली असते. उमेदवार कुणाचा तरी मावसभाऊ असतो, कुणाचा शाळासोबती असतो. ज्याला मत द्यायचे नाही, त्याच्याही घरी चहा प्यावा लागतो!

सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातल्या सावळज गटाने 1979 मध्ये अशीच एक निवडणूक पाहिली. शेजारच्या अंजनी गावचा, जेमतेम एकविशी-बाविशीतला, गरीब घरातला एक तरुण त्या गटातून जिल्हा परिषदेवर गेला. हेच आर. आर. पाटील. 1990 मध्ये ते आमदार झाले, पुढे ग्रामविकासमंत्री आणि 2004 मध्ये उपमुख्यमंत्री. 2000 साली त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यामागे गटातल्या गावागावांतून केलेली पायपीट होती, हे वेगळे सांगायला नको.

असा तरुण वर येऊ शकला, याचे श्रेय एका जुन्या निर्णयाला द्यावे लागेल. वसंतराव नाईक समितीने 1961 मध्ये अहवाल देताना दोन गोष्टी ठरवल्या. एक, सत्तेचे केंद्र तालुका नव्हे, जिल्हा. दुसरी, आमदार-खासदारांनी जिल्हा परिषदेत बसायचे नाही. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव असा गावाचा सारा प्रपंच त्यांच्याकडे आला आणि आमदारकीच्या सावलीबाहेर नव्या नेतृत्वाला जागा मिळाली. बाभळगावच्या सरपंचपदापासून सुरुवात करून उस्मानाबाद जिल्हा परिषदेत गेलेले विलासराव देशमुख याच वाटेने मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले.

पण जी शाळा पुढारी घडवते, तीच प्रस्थापितांना खुपते. 1962, 1967, 1972 आणि 1979 अशा निवडणुका झाल्या आणि मग घड्याळच थांबले. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. पुढची निवडणूक झाली ती थेट 1992 मध्ये! आबांना एकाच विजयावर 11 वर्षे सदस्यत्व लाभले, यात त्यांचा काय दोष? पण दुसरी बाजूही पाहा. 1979 मध्ये ज्याचे वय वर्षभराने कमी पडले, तो अर्ज भरायला पात्र होऊनही तेहतिशीपर्यंत ताटकळला. अशी किती पोरे वाट पाहून शेतीला किंवा मुंबईला लागली असतील, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

1993 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने दर 5 वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली, एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. 2011 मध्ये राज्याने त्या निम्म्या केल्या. आरक्षणाची सोडत निघाली, की वर्षानुवर्षांचा वाडा एका चिठ्ठीने हलू लागला. काही ठिकाणी कारभारणीच्या नावावर कारभारीच कारभार करू लागले, हे खरे. तरीही सभागृहात उभे राहून पाण्याविषयी बोलणारी बाई गावाने पाहिली, हेही तितकेच खरे.

1997 ते 2017 ही गाडी रुळावर राहिली. मग पुन्हा खंड पडला. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचे वाद न्यायालयात गेले आणि कारभार प्रशासकांच्या हाती आला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले. ती मुदतही पुढे वाढवावी लागली.

प्रशासक फाईल नीट चालवील, पण त्याच्या दारात मावसभाऊ म्हणून कोण जाणार? शाळेचे पत्रे उडाले, तर रात्री कुणाला उठवायचे? निवडणूक लांबली की नुसती खुर्ची रिकामी राहत नाही. कुठल्या तरी अंजनीतला एक पोरगा वयाने पुढे निघून जातो.