त्रिपुरारीच्या दिव्यांच्या होड्या

कुठे, कधी : गोव्यात साखळीजवळच्या विठ्ठलापूरला, वाळवंटी नदीत. कार्तिकातल्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री पुठ्ठा, थर्माकोल, बांबूच्या सजवलेल्या लहान होड्या दिवे लावून पाण्यात सोडतात. निमित्त त्रिपुरासुराच्या वधाचं. नारळी पौर्णिमा वेगळी : ती श्रावणातली, कोळीवाड्यांची.

वीज : 230 व्होल्टची घरगुती माळ पाण्याजवळ जीवघेणी. 12 व्होल्टची बॅटरी आणि एलईडी पट्टी घ्यावी.
• पट्टीवर साधारण दर तीन एलईडींनंतर कात्रीची खूण असते. तिथेच कापायची, मधे कापली तर तेवढा तुकडा पेटत नाही. उघडं टोक सिलिकॉननं बंद करावं.
• 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवर बॅटरीत 84 वॉट-तास. 24 वॉटची पट्टी कागदावर साडेतीन तास, प्रत्यक्षात कमी.
• आयपी (धूळ-पाणीरोधक दर्जा) 65 : पाण्याचे फवारे सोसते. आयपी 67 : एक मीटर पाण्यात अर्धा तास.

माणसं बसणारी बोट असेल तर : डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा हे दिशादर्शक दिवे. 1972च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार त्यांच्याशी गल्लत होईल अशी रोषणाई चालत नाही.