तिजोरीतले लोह

‘हार्ट फेल्युअर’ म्हटले की घरचे हबकतात. हृदय बंदच पडले, असे वाटते. तसे नसते. शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलणे हृदयाला जमेनासे होते. औषधे सुरू होतात, जेवणातले मीठ कमी होते. तरीही रामकुंडावरून काळाराम मंदिराकडे चढून येताना आजी दोनदा थांबतात, आणि आपण म्हणतो, ‘वय झाले आता!’

या ‘वय झाले’मागे पुष्कळदा लोहाची कमतरता दडलेली असते. अशा सुमारे निम्म्या रुग्णांत ती आढळते. हिमोग्लोबिन ठीक असले तरीही! बँकेच्या भाषेत सांगायचे, तर हिमोग्लोबिन म्हणजे काउंटरवरची रोकड आणि फेरिटिन म्हणजे तिजोरीतली शिल्लक. काउंटर सुरळीत चालू असतानाच तिजोरी रिती होत असते. लोह नुसते रक्ताला लागत नाही. हृदयाच्या आणि पायांच्या स्नायूंनाही ते हवे असते.

मग मनुका, गूळ-शेंगदाणे असे सल्ले सुरू होतात. पण या आजारात हेपसिडिन नावाचे संप्रेरक वाढू शकते आणि आतड्यांतून लोह आत येण्याची वाट अडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत लोहाच्या गोळ्यांनी रुग्णांची श्रम करण्याची ताकद वाढली नाही. उलट, २००९ च्या ‘फेअर-एचएफ’ चाचणीत शिरेतून लोह दिलेले रुग्ण सहा मिनिटांत अधिक अंतर चालू शकले. आयुष्य किती वाढते, याचा पुरावा इतका स्पष्ट नाही. पण आपल्या पायांनी देवळापर्यंत जाता येणे ही काय लहान गोष्ट आहे?

वाचकहो, एक खुबी ध्यानात ठेवा. फेरिटिन साठ आले, तर प्रयोगशाळेच्या कागदावर ते ‘नॉर्मल’ दिसेल. हृदयरुग्णांसाठी मात्र शंभराच्या आतला आकडा कमीच धरतात. १०० ते २९९ असेल, तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली आहे का, हे पाहतात. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये अशा सर्व रुग्णांची ही तपासणी ठरावीक काळाने करायला सांगितले आहे.

तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना या दोन तपासण्यांविषयी जरूर विचारा. लोह कमी निघाले, तर ते कुठे झिरपते आहे, पोटात रक्तस्राव तर नाही ना, हेही विचारा. मात्र दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका.