बँडची बॅटरी ड्रॉवरमध्ये मरते

फिटनेस बँड नवा असताना घरोघरी एकच प्रश्न निघतो: रात्रभर चार्जिंगला राहिला तर चालेल ना? चालेल. बॅटरी भरली की बँडमधली चिप वीज घेणं आपोआप थांबवते. रात्रभर लावल्यामुळे बँड कामातून गेल्याची उदाहरणं फार नसतात. बँड जातो तो उन्हाने, घामाने आणि सगळ्यात जास्त ड्रॉवरमध्ये पडून. चालण्याचा उत्साह ओसरतो, बॅटरी शून्यावर येते आणि बँड जुन्या चाव्या, संपलेले सेल, औषधांची पाकिटं यांच्या सोबतीला जाऊन पडतो. सात-आठ महिन्यांनी पुन्हा हुक्की येते, चार्जरला लावून बघावं तर दिवा नाही की खूण नाही.

असं का होतं हे कळायला आधी ही बॅटरी केवढी असते ते पाहू. हल्लीच्या फोनमध्ये ५,००० एमएएचची बॅटरी सर्रास असते. शाओमीचा २०१४ सालचा पहिला मी बँड ४१ एमएएचवर चालायचा. त्याला पडदाच नव्हता, नुसते तीन दिवे होते, त्यामुळे तेवढ्यात भागायचं. त्याच घराण्यातल्या सातव्या बँडची बॅटरी १८० एमएएच आणि कंपनीचा दावा चौदा दिवसांचा. भागाकार करून पाहा: सरासरी प्रवाह जेमतेम अर्धा मिलिअँपिअर. एवढ्या चिमूटभर विजेवर तो पावलं मोजतो, नाडी बघतो आणि फोनशी बोलत राहतो. ही बॅटरी एकदा भरायला वाया जाणारी धरूनही साधारण एक वॉट-तास वीज लागते. म्हणजे महावितरणच्या एका युनिटमध्ये हजारेक वेळा चार्जिंग होईल. तेव्हा बिलाची काळजी सोडून द्या.

चार्जरबद्दलची भीतीही अशीच सोडण्यासारखी आहे. ‘फोनचा ६७ वॉटचा चार्जर लावला तर बँड जळेल’ असं दुकानदारसुद्धा सांगतात. पण चार्जर वीज ढकलत नाही. जोडलेलं यंत्र मागेल तेवढी देतो. चांगला फास्ट चार्जर आधी ५ व्होल्टच देतो आणि समोरून मागणी झाली तरच व्होल्टेज वाढवतो. बँड तशी मागणी करतच नाही. तो पाव अँपिअर किंवा त्याहून कमी घेऊन गप्प बसतो. खरी अडचण उलटी आहे. पॉवर बँकेला वाटतं, इतकी कमी वीज जातेय म्हणजे काही जोडलेलंच नाही, आणि ती थोड्या वेळात स्वतःला बंद करून घेते. सकाळी बँड निम्माच भरलेला दिसला तर चार्जिंगच्या केबलला दोष देण्याआधी हे तपासा. काही पॉवर बँकांना अशा छोट्या उपकरणांसाठी वेगळी सोय असते. बटण दोनदा किंवा दाबून धरलं की ती सुरू होते. नसेल तर लॅपटॉपचा पोर्ट किंवा घरातला जुना साधा चार्जर उत्तम.

आत चार्जिंग दोन टप्प्यांत होतं. नळाखाली हंडा लावला की आधी धार मोठी सोडतो आणि पाणी गळ्याशी आलं की नळ बारीक करतो, तसंच. सुरुवातीला ठरावीक प्रवाह जोरात जातो. सेलचा दाब ४.२ ते ४.४ व्होल्टच्या आसपास पोचला की तो तिथेच धरून प्रवाह कमी कमी केला जातो. म्हणून पहिले ऐंशी टक्के भरभर चढतात आणि शेवटचे वीस रेंगाळतात. सकाळी अंघोळीच्या वेळात बँड लावून ठेवणारे लोक नकळत हाच भरभरीचा टप्पा वापरतात. दर खेपेला शंभर गाठायची गरज नाही. लिथियम सेलला काठोकाठ भरलेलं राहणं आवडत नाही, त्यात उष्णता असेल तर मुळीच नाही. आणि ‘आधी पूर्ण संपू द्या, मगच लावा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला आहे. इथे तो उलट नुकसान करतो.

आता बँड उलटा करा. मागे नाडी बघणाऱ्या हिरव्या दिव्यांच्या जवळ दोन छोटे सोनेरी ठिपके दिसतील. चार्जरच्या टोकाला स्प्रिंगवरच्या दोन पिना असतात आणि लोहचुंबक त्या पिना ठिपक्यांवर बसवतो. सगळा व्यवहार या दोन ठिपक्यांतून होतो. व्यायामानंतर घाम वाळला की त्यांच्यावर मिठाचा थर राहतो. तसाच ओला बँड चार्जरला लावला तर त्या खारट ओलीतून वीज वाहते आणि धातू खायला लागते. ठिपका आधी काळपट, मग हिरवट होतो. चार्जिंग मध्येच तुटतं, बँड जरा हलवला की पुन्हा सुरू होतं, ही त्याची पहिली खूण. उपाय सोपा: लावण्याआधी मागची बाजू साध्या पाण्याने पुसून कोरडी करा आणि अधूनमधून इयरबडला औषधाच्या दुकानातलं स्पिरिट किंचित लावून ठिपक्यांवरून आणि पिनांवरून फिरवून घ्या. ब्लेड किंवा पॉलिश पेपर मात्र लावू नका, वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघाला की गंज आणखी वेगाने येतो. चार्जरचं टोकही बघत जा. तो लोहचुंबक स्टेपलरची पिन, लोखंडाचा कीस असलं काहीही ओढून घेतो, आणि एखादी पिन नेमकी दोन टोकांवर आडवी बसली की शॉर्ट झालाच.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे पुस्तकी नाही. बहुतेक लिथियम सेल ० ते ४५ अंशांच्या दरम्यान चार्ज करायचे असतात, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला सावलीतलंच तापमान तिथे पोचतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर ते कितीतरी पुढे जातं. तापलेला सेल नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. बाहेरून आल्या आल्या बँड लावू नका, पंख्याखाली थोडा निवू द्या. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांना उलटा त्रास. शून्याखाली सेल चार्ज केला तर लिथियम आत मुरण्याऐवजी धातूच्या रूपात वर साचतो आणि ते नुकसान भरून निघत नाही. रात्री बँड स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, चार्जिंगही अंगाच्या उबेत आल्यावरच करा. पण मनगटावर असताना कधीच नाही. फिटबिटने २०२२ मध्ये आयोनिक हे घड्याळ परत मागवलं ते बॅटरी तापून लोकांना भाजल्याच्या तक्रारींमुळेच.

बॅटरी किती वेळा भरता येते याचीही चर्चा फार होते. साधारण पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर क्षमता ऐंशी टक्क्यांवर येते, असा ढोबळ हिशेब धरतात. रोज भरावं लागणारं स्मार्टवॉच हा आकडा दीड वर्षात गाठतं. दहा दिवसांनी भरला जाणारा बँड वर्षाला छत्तीस फेऱ्या करतो; त्याला जवळपास चौदा वर्षं लागतील. त्याआधी पट्टा तुटेल, ॲप बंद पडेल. बँडच्या बाबतीत फेऱ्या मोजत बसणं व्यर्थ आहे.

म्हणून पुन्हा ड्रॉवरकडे. बँड शून्य दाखवतो तेव्हा सेलमध्ये थोडी वीज मुद्दाम राखलेली असते. ती आतल्या चिपा थेंब थेंब पीत राहतात आणि सेल स्वतःहूनही थोडा झिरपतो. काही महिन्यांत दाब दोन व्होल्टच्याही खाली गेला की सेलमधला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. असा सेल पुन्हा भरला तर ते तांबं भलत्याच जागी जमून आत शॉर्ट होऊ शकतो, म्हणून चार्जिंगची चिप चक्क नकार देते. दाब तितका खाली गेला नसेल तर ती आधी अगदी बारीक प्रवाह सोडून बघते, आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. त्यामुळे पाच मिनिटांत आशा सोडू नका, तासभर लावून ठेवा. उठला तर ठीक. बँड वापरायचा नसेल तेव्हा निम्मा भरून, बंद करायची सोय असल्यास बंद करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा लावत जा. गॅस सिलिंडर बदलायच्या दिवशी लावा, लक्षात राहतं.

रोजच्या वापरात चौदाचे सहा दिवस कशाने होतात? रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणारे लाल दिवे, कायम उजळ राहणारा पडदा, आणि व्हॉट्सॲप. नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या प्रत्येक सुप्रभाताला बँड थरथरतो आणि उजळतो. फक्त फोन आणि बँकेचे एसएमएस ठेवून बाकी सूचना बंद केल्या तरी चार्जिंग दोन-तीन दिवस लांबणीवर जातं. ऑक्सिजनची नोंद डॉक्टरांनी सांगितली नसेल तर तीही बंद करायला हरकत नाही.

एक खूण मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पडद्याची कड एका बाजूने उचललेली दिसली किंवा मागचं झाकण फुगलं, तर सेलमध्ये वायू धरला आहे. दाबून बसवू नका, टोचू नका, पुन्हा चार्जिंगला तर लावूच नका. ही बॅटरी चिकटवलेली असते, त्यामुळे कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला ती बदलून देण्याच्या फंदात सहसा पडत नाही. असा बँड ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकला तर घंटागाडीत दाबला जाऊन पेट घेऊ शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या, आणि तोवर काचेच्या बरणीत, बाकी सामानापासून दूर ठेवा.