फ्युचर्सचा धंदा आणि प्राप्तिकर

फ्युचर्स-ऑप्शन्समधील कमाई प्राप्तिकराच्या लेखी भांडवली नफा नसून धंद्याचे उत्पन्न असते. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 43(5) ने मान्यताप्राप्त शेअर बाजारावरचे हे व्यवहार सट्ट्यातून वगळले. इंट्राडे शेअर खरेदी-विक्री मात्र सट्ट्यातच राहिली. त्यामुळे डोंबिवलीतल्या वन-बीएचकेत सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन लॅपटॉपसमोर बसणारा माणूस फडके रोडवरच्या दुकानदाराइतकाच व्यापारी ठरतो. त्याने आयटीआर-3 भरायचा असतो.

धंदा उभा करायला बहुतेकांना स्वतःच्या नावावरची एकल मालकी पुरते. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढली, तर करमुक्त मर्यादा आणि टप्पे जातात, पहिल्या रुपयापासून 30 टक्के दर लागतो, शिवाय दरवर्षीची विवरणे मागे लागतात. रोखे जीएसटीच्या व्याख्येत वस्तूही नाहीत आणि सेवाही नाहीत. त्यामुळे केवळ स्वतःच्या खात्यावरच्या व्यवहारांसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही.

खर्चाच्या वजावटीत सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे ब्रोकरची काँट्रॅक्ट नोट. दलाली, त्यावरचा जीएसटी, बाजाराचे शुल्क, मुद्रांक शुल्क आणि एसटीटी (रोखे व्यवहार कर) अशा रकमा तिथे ओळीने लिहिलेल्या असतात, आणि सौदा तोट्यात गेला तरी त्या कापल्या जातातच. व्यापाऱ्याला या सगळ्यांची वजावट मिळते. भांडवली नफा दाखवणाऱ्या गुंतवणूकदाराला एसटीटीची मिळत नाही. सीएची फी, डेटाची वर्गणी आणि लॅपटॉपवरचा 40 टक्के घसाराही धरता येतो. घरच्या वायफायवर मुलांचा अभ्यासही चालत असेल, तर बिलाचा धंद्यापुरताच हिस्सा दाखवावा. अख्खे बिल दाखवणे चूकच. नव्या करप्रणालीत 80सी जाते, पण धंद्याचे खर्च जात नाहीत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

उलाढालीचा हिशेबही वेगळा आहे. तीन सौद्यांत 40,000 नफा, 55,000 तोटा आणि 12,000 नफा झाला, तर निव्वळ तोटा 3,000, पण उलाढाल 1,07,000 रुपये. नफा आणि तोटा दोन्ही चिन्ह न पाहता मिळवायचे. व्यवहार बँकेतूनच होत असल्याने ऑडिटची सर्वसाधारण मर्यादा 10 कोटींची, म्हणून बहुतेक छोटे व्यापारी तिच्या आतच राहतात. कर 10,000 रुपयांच्या वर जाणार असेल, तर आगाऊ कराचे हप्ते 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या तारखांना येतात.

खरा प्रश्न तोट्याचा आहे. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या 93 टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. ठाणे-कल्याणहून लोकलने नोकरीला जाणारा आणि मोबाइलवर सौदे करणारा पगारदार हा तोटा पगारातून वजा करू शकत नाही. बँकेच्या व्याजातून किंवा दुसऱ्या फ्लॅटच्या भाड्यातून तो त्याच वर्षी वळता होतो. उरलेला तोटा पुढची 8 वर्षे धंद्याच्या नफ्यासमोर ओढता येतो. इंट्राडेचा तोटा 4 वर्षेच, आणि तोही सट्ट्याच्या नफ्यासमोरच.

त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. नुसता तोटाच झाला म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्याचा हा हक्क मुदत उलटताच जातो.