चालत्या होडीतला नांगर

मंडळी, नांगर म्हटला की आपल्याला शेत आठवते. कोकणच्या तांडेलाला मात्र होडी थांबवणारे लोखंड आठवते. पण होडी चालू लागली की हाच रक्षक वैरी होऊ शकतो. नाळेवर लोंबता ठेवला, तर लाटेसरशी तो फळ्यांवर आदळतो. निसटून पाण्यात गेला, तर त्याचा दोर पंख्यात गुरफटतो, नाहीतर नांगर तळाच्या खडकात अडकून होडीला जबर हिसका बसतो. म्हणून तो वर घ्यावा, आडवा निजवावा आणि दोन जागी आवळून बांधावा. वेढे घट्ट असावेत. शेवटी मात्र निरगाठ नको, सुरगाठ हवी. का? खडकाजवळ इंजिन बंद पडले, तर होडीला थोपवणारा तोच एक! तेव्हा गाठ सोडवीत बसायला वेळ कुठला?