विरजण न लावता आंबलेली बिअर
लँबिकचा पहिला घोट घेतला की तोंड वाकडं होतं. माझंही झालं होतं!

ही बिअर ब्रुसेल्स आणि त्याच्या लगतच्या शेतीपट्ट्यातली. बार्लीच्या माल्टसोबत 30-40 टक्के मोड न आणलेला गहू. हॉप्स मुद्दाम जुने, कडवटपणा उतरलेले. उकळलेला गोड काढा गुळाच्या काहिलीसारख्या पसरट भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात. वेगळं यीस्ट घालतच नाहीत. हवेतलं आणि लाकडात मुरलेलं येतं, तेच काम करतं. उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात, म्हणून हा उद्योग थंडीतच.

मग ओकच्या पिंपात एक ते तीन वर्षं मुक्काम. तिथे ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट घोड्याच्या खोगिरासारखा वास आणतं. (ऐकायला कसंतरीच वाटतं, पण नाक सरावलं की तोच हवासा वाटतो.) 1900 पासूनच्या कांतियों ब्रुअरीत कोळ्यांची जाळी झाडत नाहीत, कारण पिंपांभोवतीच्या माश्या कोळीच संपवतात.

कोवळी आणि जुनी लँबिक एकत्र करून बाटलीत भरली की ग्यूझ तयार. कोवळीतली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि बूच उडतं थेट शँपेनसारखं. नवख्यांनी मात्र चेरी घातलेल्या क्रीकपासून सुरुवात करा.